मुंबई ते राजपुरी: गोव्याच्या सफरीचा पहिला टप्पा

चार मित्र, तेहतीस फुटी शिडाची बोट आणि मुंबई ते गोवा असा साधारण सव्वादोनशे सागरी मैलांचा किनारा. हे प्रकरण त्यातल्या फक्त पहिल्या दिवसाचं आहे. बोटीवरची नोंदवही, जीपीएसवर उमटलेला मार्ग आणि चौघांशी वेगवेगळं झालेलं बोलणं यांवरून ते लिहिलं आहे. चौघांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. त्या दिवशी कुणाला मोठी इजा झाली नाही, बोटीचं काही मोडलं नाही. तरीही ते लिहून ठेवायला हवं असं मला वाटतं. बोट बुडाली तर सगळे बोलतात, पण जेमतेम निभावलेल्या दिवसाबद्दल कुणी बोलत नाही, आणि पुढच्याला उपयोगी पडेल असं बरंच काही अशाच दिवसांत असतं.

पार्श्वभूमी

चौघं कॉलेजपासूनचे मित्र, आता पंचेचाळिशीच्या पुढचे. बोटीने गोव्याला जायचं हे त्यांचं जुनं ठरलेलं. कधी कुणाची बदली, कधी कुणाचं बाळंतपण, मग 2020 ची टाळेबंदी, असं करत ते लांबत गेलं. शेवटी एका जानेवारीत चौघांच्या रजा जुळल्या.

बोट ज्याची, तो मालक मुंबई बंदरात दहाएक वर्षं शीड हाकतो. शर्यतींत भाग घेतो, मांडव्याला कितीदा तरी जाऊन आला आहे. पण खांदेरी बेटाच्या दक्षिणेला स्वतःच्या जबाबदारीवर तो कधी गेला नव्हता. मैत्रिणीने शिडाच्या बोटींचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं, नकाशा आणि नोंदवही तिच्याकडे होती. तिसरा डॉक्टर, अंगाने दणकट, समुद्र न लागणारा. चौथा पुण्याचा मित्र. मोठ्या बोटीवर तो त्याआधी एकदाच, तेही बंदरातच, बसला होता.

मूळ बेत चांगला होता, आणि तो का चांगला होता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पावसाळा सोडला तर कोकणच्या किनाऱ्यावर वाऱ्याचं एक घड्याळ असतं. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. उन्हं चढली की तो पडतो, आणि दुपारी एकच्या सुमाराला वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. दक्षिणेला जाणाऱ्याला दोन्ही सोयीचे. मधले दोन-तीन तास मात्र शीड नुसतं लोंबकळतं. 1679 साली खांदेरीच्या लढाईत इंग्रजांची मोठी गलबतं वारा पडला की जागच्या जागी अडकायची आणि मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांवर बेटाला रसद पोहोचवायच्या. तो हाच समुद्र.

दुसरं घड्याळ भरती-ओहोटीचं. निघायचा दिवस संकष्टीचा होता. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ येते हा आपल्याकडचा जुना हिशोब. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनच्या आसपास पूर्ण भरती. भरतीचं कोष्टकही थोड्याफार फरकाने तेच सांगत होतं. चारला नांगर उचलला की ओहोटीचं पाणी बोटीला बंदराबाहेर काढणार, पाठीशी मतलई, उजाडेपर्यंत प्रॉंग्स दीपगृह मागे. मग दुपारी दोन-तीनपर्यंत चाळीस मैलांवरची राजपुरीची खाडी, जंजिऱ्याच्या आत नांगर आणि जेवण. पुण्याच्या मित्राचं सहाव्या दिवशी गोव्याहून विमान होतं, तेवढं मात्र पक्कं बांधलेलं.

अडचण कुठे सुरू झाली

पहाटे चारला बोट तयार नव्हती. डिझेलचे दोन कॅन यायचे होते, आणि पुण्याचा मित्र आदल्या रात्री निघण्याऐवजी पहाटे निघाला. तो गेटवेला पोहोचला तेव्हा नऊ वाजून गेले होते. सामान छोट्या होडीतून बोटीवर चढवणं, लाइफ जॅकेट कुठे, शौचालयाचा पंप कसा चालवायचा, हे सगळं दाखवेपर्यंत अकरा. नोंदवहीत निघाल्याची वेळ 11.40 आहे.

तोवर मतलई मेलेला आणि पाणी फिरून भरती लागलेली, म्हणजे बंदराबाहेर पडताना ते थेट नाकासमोरून येणार. इंजिनावर पाच नॉटने, म्हणजे तासाला पाच सागरी मैलांनी, चालणारी बोट जमिनीच्या हिशोबाने साडेतीननेच सरकत होती. सूर्यास्त सव्वासहानंतर, आणि संकष्टीचा चंद्र नऊ वाजून गेल्याशिवाय वर येणार नाही. हे सगळे आकडे त्या सकाळी बोटीवर होते. ते एका कागदावर मांडले असते तर राजपुरी रात्री आठच्या आत येत नाही हे दिसलं असतं.

पहिला निर्णय: निघायचं की थांबायचं

इथे तीन वाटा होत्या. एक, तो दिवस सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं. भरती पाऊण तासाने पुढे सरकणार, बाकी गणित तेच. दोन, निघायचं, पण फक्त मांडव्यापर्यंत. बंदराच्या तोंडाशीच आहे, मालकाच्या पायाखालची वाट, आणि नवख्या माणसाला बोटीवरची पहिली रात्र काढायला याहून बरी जागा नाही. तीन, ठरल्याप्रमाणे राजपुरी.

मैत्रीण थांबायचं म्हणाली. एकदा म्हणाली. मालकाने विमानाची तारीख काढली, डॉक्टर म्हणाला की जीपीएस आहे, मोठ्या जहाजांच्या रडारवर आपण दिसावं म्हणून रडार रिफ्लेक्टर आहे, रात्र झाली तर झाली. पुण्याचा मित्र गप्प होता, कारण उशीर त्याच्यामुळे झाला होता. मांडव्याचं नावही निघालं नाही. मी मालकाला नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गोव्याला निघालोय म्हणून सगळ्यांना सांगितलं आणि रात्री मांडव्याला? तिथे तर आम्ही रविवारी भजी खायला जातो."

मला हे वाक्य या प्रकरणातलं सर्वात महत्त्वाचं वाटतं. इतकी वर्षं ज्या सफरीची वाट पाहिली तिचा पहिला मुक्काम रोजच्या ओळखीच्या बंदरात करायला मन घेत नाही. पण नवी माणसं, नीट न लावलेलं सामान आणि अर्धी झोप घेऊन निघालेल्या बोटीला पहिल्या दिवशी ओळखीचंच बंदर हवं असतं. मैत्रिणीचा नकारही तिथेच विरला. तिने तो पुन्हा बोलून दाखवला नाही याचा दोष मी तिला देणार नाही. चौघांत एकाने नको म्हटलं तर काय करायचं, हे निघण्याच्या आदल्या रात्री ठरलेलं असावं लागतं. ऐन धक्क्यावर, सगळ्यांच्या देखत, मैत्रीत कुणी दुसऱ्यांदा नको म्हणत नाही.

खांदेरी ते रेवदंडा

जहाजांचा खोल मार्ग त्यांनी नीट ओलांडला. जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारं कंटेनर जहाज दिसताच मागे थांबले, मग काटकोनात पार झाले. समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठीच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांतल्या नवव्या नियमाप्रमाणे अशा अरुंद मार्गात शिडाच्या बोटीने मोठ्या जहाजाची वाट अडवायची नसते. शीड आहे म्हणजे पहिला हक्क आपला, हा समज इथे चालत नाही. मालकाला ते पाठ होतं.

एकनंतर खारा वारा आला आणि दिवस खरंच सुंदर झाला. इंजिन बंद, दोन्ही शिडं भरलेली, बोट पाच-साडेपाच नॉटने पळत होती. तीनला खांदेरी डावीकडे. नोंदवहीत त्या तासाला मैत्रिणीच्या अक्षरात फक्त "मस्त" असं लिहिलं आहे. मला ते वाचून बरं वाटलं. सगळे सुखात असतात त्या तासात कुणी घड्याळाकडे बघत नाही, हेही तितकंच खरं.

वायव्येचा वारा मागच्या कोपऱ्यावर असला की बोट वेगात जाते, पण डोलते. पुण्याच्या मित्राचा संकष्टीचा उपास होता. सकाळी थोडी साबुदाण्याची खिचडी, नंतर चहा. पाचच्या सुमाराला त्याला पहिली उलटी झाली. डॉक्टरने गोळी दिली, तीही पडली. समुद्र लागू नये म्हणून घ्यायची गोळी निघण्याच्या आधी पोटात गेलेली असावी लागते; डॉक्टरने ती सकाळी पुढे केली होती, उपास म्हणून त्याने घेतली नाही. उपास करू नये असं मी म्हणत नाही. पण पहिल्यांदा बाहेर समुद्रात जाणाऱ्या माणसाचं पोट रिकामं असेल तर त्या दिवशीचा टप्पा तासा-दोन तासांचाच असावा.

दुसरा निर्णय इथला. पाचला बोट रेवदंड्यासमोर होती, कोर्लईचं टेकाड आणि दीपगृह स्पष्ट दिसत होतं, उजेड अजून सव्वा तास होता. आत कुंडलिकेच्या मुखात थांबता आलं असतं. मालकाने नको म्हटलं. त्याची कारणं अशी: बाहेर चौल कडूचा खडक, खाडीचं तोंड अनोळखी, आणि ओहोटी लागलेली, म्हणजे चुकून टेकलो तर पाणी आणखी कमीच होत जाणार. ही कारणं लंगडी नव्हती. तरी उजेडात, नकाशा समोर ठेवून, इंजिनावर हळूहळू खोली बघत जाणं आणि काळोखात त्याहून अनोळखी खाडी गाठणं यांत मला पहिलं कमी जोखमीचं वाटतं. यावर मालकाचं आणि माझं आजही एकमत नाही.

तिसरा निर्णय: किनाऱ्याकडे सरकणं

काशीदच्या पुढे सूर्य मावळला. तोपर्यंत बोट किनाऱ्यापासून चारेक मैल बाहेर होती. मालकाने ती आत, दोन मैलांवर आणली. संधिप्रकाशात मुरूडचे दिवे, पद्मदुर्ग आणि खाडीचं तोंड ओळखून ठेवावं हा विचार. पद्मदुर्ग म्हणजे कासा, खाडीच्या बाहेर पाण्यातच उभा असलेला किल्ला. काळोखात तो कुठे आहे ते नक्की माहीत असायला हवं, हे बरोबरच.

पण या पट्ट्यात डोल असते. डोल म्हणजे लांब पिशवीसारखं जाळं. ते समुद्राच्या तळाशी रोवून बांधतात, तोंड वाहत्या पाण्याकडे. पाणी वाहतं तेव्हा म्हावरं आत जातं, आणि भरती-ओहोटी फिरताना पाणी थांबलं की कोळी येऊन ते उचलतात. वर दिसतात ते फक्त तरंगते कॅन आणि एखादा बांबू, आणि ओहोटीच्या जोरात कॅनसुद्धा अर्धे पाण्याखाली ओढले जातात. दिवसा डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. सात वाजायच्या दहा मिनिटं आधी, नांदगावसमोर, ते दिसणं शक्यच नव्हतं.

बोट थांबली ती धडकून नाही. डॉक्टर सांगतो की कुणीतरी मागून धरल्यासारखं वाटलं. वेग पाचवरून शून्यावर आला आणि बोट शेपटीकडून पाण्याच्या ओढीत लटकली. दोर कीलखालून, म्हणजे बोटीच्या बुडाखालच्या जड पात्याखालून, मागे सरकून सुकाणू आणि बुडाच्या मधल्या फटीत बसला होता. टॉर्चच्या उजेडात मनगटाएवढा हिरवा, बुळबुळीत दोर पाण्यात ताठ उभा दिसत होता, त्याच्यावर बारीक शिंपले. डॉक्टरने तो हुकाने ओढायचा प्रयत्न केला आणि तळहात कापून घेतला.

चौथा निर्णय: दोर

या जागी मात्र त्यांनी जे केलं त्याचं मला मनापासून कौतुक आहे.

मालकाने आधी शिडं उतरवली आणि इंजिनाची किल्ली काढून खिशात टाकली. इंजिन लावून रिव्हर्स मारायची इच्छा अशा वेळी कुणालाही होते. इंजिनाच्या पाण्याखालच्या पंख्यात दोर गुंडाळला गेला असता तर हालचालीचं शेवटचं साधन गेलं असतं. मग मैत्रिणीने बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या 16 क्रमांकाच्या चॅनलवर तटरक्षक दलाला जागा कळवली. तातडीचा धोका नाही, अडकलो आहोत, चौघं सुखरूप आहोत, तासाभराने पुन्हा बोलू. फोनला रेंज होती, म्हणून 1554 हा तटरक्षक दलाचा क्रमांकही कागदावर मोठा लिहून समोर ठेवला. नांगराचा पांढरा दिवा लावला. सगळ्यांनी जॅकेटं चढवली, आजारी मित्राला कॉकपिटमध्येच दोरीने बांधून बसवलं, आत केबिनमध्ये जाऊ दिलं नाही.

उरलेले पर्याय तीन होते. दोर कापणं, पाण्यात उतरून सोडवणं, किंवा वाट पाहणं. कापायला दोन मिनिटं लागली असती. ताणलेला दोर कापला की त्याची टोकं कुठे जातील सांगता येत नाही, आणि ज्याचं जाळं आहे त्याचं ते पोट आहे. एक डोल वाहून गेली तर त्या घराचा हंगाम जातो. मालक म्हणाला, जीवावर आलं तर कापू, तोवर नाही. पाण्यात उतरणं त्या ओढीत, काळोखात, वेडेपणाच होता. डॉक्टरने तयारी दाखवली, बाकीच्यांनी अडवलं. राहिलं वाट पाहणं. मैत्रिणीने कोष्टक काढलं. ओहोटी साडेनऊच्या पुढे संपणार. तेव्हा पाणी थांबेल, दोर ढिला पडेल. खारा वारा अंधार पडल्यावर मंदावत चालला होता, लाटा मागच्या बाजूला आपटत होत्या पण आत पाणी येत नव्हतं. तीन तास काढता येतील असं त्यांनी ठरवलं, आणि वारा वाढला किंवा सुकाणू वाजायला लागलं तर दोर कापायचा, हेही त्याच वेळी ठरवून टाकलं. अट आधी ठरल्यामुळे पुढचे तीन तास कुणी कुणाशी वाद घातला नाही.

पावणेनऊला दिवा लावलेली कोळ्यांची बोट आली. पाणी थांबायच्या वेळेला येणारच होती, तिचीच जाळी ती. बोटीवर एक पांढऱ्या केसांचा तांडेल आणि तीन खलाशी.

"नाखवा, तुमच्या दोरात अडकलोय. कापलेला नाही," मालक ओरडला.

"कापू नका. इंजिन लावू नका. पाणी थांबू द्या."

एवढंच बोलून त्यांनी आपली बोट थोडी लांब धरली आणि वाट पाहत बसले. चंद्र वर आला तेव्हा पुण्याच्या मित्राने दोन घोट पाणी आणि गुळाचा खडा तोंडात टाकून उपास सोडला, आणि तो पोटात टिकला. साडेनऊनंतर ताठ दोराला बाक आला. एका खलाशाने वाकून लांब वल्ह्याने तो खाली दाबला, मालकाने सुकाणू उलटसुलट हलवलं, आणि बोट मोकळी झाली. तीन तास ज्याने धरून ठेवलं होतं ते सुटायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

पुढे काय झालं

तांडेल म्हणाले, आमचं काम होऊ द्या, मग मागून या. जाळी उचलेपर्यंत पावणेअकरा झाले. त्यांच्या दिव्यामागून, डोलीच्या ओळींमधल्या मोकळ्या पाण्यातून, बोट पद्मदुर्गाच्या बाजूने राजपुरीच्या खाडीत शिरली आणि सव्वाबाराला नांगर पडला. मैत्रिणीने तटरक्षक दलाला पोहोचल्याचं कळवलं. अडकल्याचं कळवणारे पुष्कळ असतात, सुटल्याचं कळवायला लोक विसरतात आणि मग शोध घेणारे उगाच शोधत बसतात.

सकाळी मालक किनाऱ्यावर जाऊन तांडेलांना भेटला. जाळं शाबूत होतं, दोर एका जागी घासला होता. नव्या दोराचे पैसे घ्या म्हटल्यावर त्यांनी आधी नको म्हटलं, मग दोर आणून द्या म्हणाले. मुरूडच्या बाजारातून तो आणून दिला. जाळ्यांच्या ओळी कशा असतात आणि बाहेरून जायचं तर किती बाहेरून, हे त्यांनी वाळूत काढून दाखवलं. त्या अर्ध्या तासात मालक जे शिकला ते कुठल्याही नकाशावर नाही.

तो दिवस सगळ्यांनी झोपून काढला. तिसऱ्या दिवशी पहाटे मतलईवर निघून ते हर्णै, मग जयगड करत रत्नागिरीला पोहोचले. गोवा झालं नाही. पुण्याच्या मित्राने रत्नागिरीहून कोकण रेल्वेने मडगाव गाठलं आणि तिथून विमान पकडलं. पहिल्या दिवसानंतर त्याला समुद्र पुन्हा लागला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

दिवसांचा हिशोब मांडून पाहा. प्रत्यक्षात ते पहिल्या दिवशी मध्यरात्री राजपुरीत पोहोचले, दुसरा दिवस विश्रांतीत गेला, तिसऱ्या पहाटे तिथून निघाले. पहिल्या दिवशी मांडव्याला थांबले असते तर दुसऱ्या दिवशी पहाटे निघून दुपारपर्यंत राजपुरीत असते, आणि तिसऱ्या पहाटे तिथून निघाले असते. तंतोतंत तेच. दुपारी बाराला घाई करून त्यांनी एक तासही वाचवला नाही. हा हिशोब मी त्यांना दाखवला तेव्हा मालक बराच वेळ कागदाकडे बघत होता.

रात्री समुद्रातच राहायचं ठरवलं असतं तर? तेही चाललं असतं, पण मग काशीदला आत येण्याऐवजी आणखी बाहेर जायला हवं होतं, डोलीच्या पट्ट्याच्या पलीकडे, आणि रात्रभर तिथेच चालत राहायला हवं होतं. त्यासाठी पाळ्या लावाव्या लागतात, आणि एक माणूस आडवा झालेला असताना तीन जणांच्या पाळ्या फार लवकर दमवतात. म्हणून त्या बोटीला तो पर्याय कागदावरच होता. बाहेरही राहायचं नाही आणि उजेडात आतही जायचं नाही, असा मधला मार्ग त्यांनी धरला, आणि या किनाऱ्यावर रात्री सर्वात वाईट जागा तीच.

विमानाच्या तिकिटाबद्दल चौघांचं आता एकमत आहे. पुढच्या हंगामात परतीचं तिकीट रेल्वेचं, आणि तेही कुठल्या स्टेशनवरून हे निघाल्यावर ठरणार. कोकण रेल्वे किनाऱ्याला धरूनच जाते, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, कुठूनही चढता येतं. तीन वाजले की त्या रात्रीचं बंदर ठरवायचं आणि मग ते आणखी पुढे ढकलायचं नाही, असं नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे. त्याखाली मैत्रिणीने आणखी एक ओळ घातली आहे: चौघांपैकी एकाने नको म्हटलं की नको, कारण विचारायचं नाही. डॉक्टरला ती ओळ जास्त कडक वाटते, मालकाने तिच्याखाली सही केली आहे. पहिला मुक्काम मांडवा.